हललेला फोटो

मंगळवार, ३ फेब्रुवारी २००९

कंपनीने यंदा शेवटची डायरी दिली. दर वर्षी ह्या डायऱ्या मी मेहुण्याला, भटजींना, दूधवाल्याला वाटून टाकायचो. माझ्या वाट्याला कधी उरली नाही. यंदा वाटायला तोंड नाही, म्हणून स्वतःच लिहायला घेतली. पहिल्या पानावर कंपनीचं चिन्ह आणि खाली "प्रगतीच्या वाटेवर". कंपनी त्या वाटेने हिमाचलला गेली, आम्ही गोरेगावला राहिलो.

३१ जानेवारीला गेट बंद झालं. पंखे बनवणारी कंपनी. अठ्ठावीस वर्षं मी तिथून माल रवाना केला, शेवटची सात वर्षं डिस्पॅच इनचार्ज म्हणून. वय त्रेपन्न. घरात जयवंतीला आणि ज्ञानदाला माहीत आहे. बिल्डिंगमध्ये कोणालाही माहीत नाही आणि होऊही द्यायचं नाही. दुसरी नोकरी लागली की सांगेन, "बदलली." तोवर सकाळी सात चाळीसला डबा घेऊन निघायचं, इथल्याच, आमच्या मनवेलपाड्याच्या तलावाकाठी बसायचं आणि संध्याकाळी सातला परत यायचं. काल आणि आज सगळं बिनबोभाट पार पडलं.

फक्त तळमजल्याच्या पुतळाबाई सकाळी म्हणाल्या, "भाऊ, तलावाकडं ऊन फार लागतं आता. टोपी घालून जात जा."

मी म्हटलं, "मी गोरेगावला जातो."

"हा, तिकडं पन लागतं," म्हणाल्या.

पुतळाबाई मूळच्या इथल्याच. त्यांच्या शेतावर आमची बिल्डिंग उठली तेव्हा त्यांना तळमजला मिळाला. वय झालं की माणूस काहीतरी बोलत राहतं.

रविवार, ८ फेब्रुवारी

ज्ञानदाने आज एक नवीनच काढलं. ती मालाडला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्यामुळे तिला जगातल्या सगळ्या गोष्टी कॉम्प्युटरमध्ये दिसतात. इंटरनेटवर म्हणे नोकरदारांची एक साइट आहे. तिथे आपली माहिती टाकायची, लोकांशी ओळखी वाढवायच्या, आणि मग कंपन्या आपल्याला हुडकत येतात. कामणला भिवंडी रस्त्यावर मोठमोठी गोदामं होतायत, त्यांना माझ्यासारखी माणसं हवी आहेत.

"म्हणजे पाटी गळ्यात घालून स्टेशनवर उभं राहायचं," मी म्हटलं.

"पाटी नाही बाबा, प्रोफाइल."

माहिती मी स्वतः कागदावर लिहून दिली. नाव शांताराम शिरधनकर, उंची पाच फूट पाच इंच, वर्ण गव्हाळ, चष्मा आहे, मूळ गाव गुहागरजवळ, निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट, एक विवाहयोग्य कन्या. ज्ञानदाने शेवटची ओळ वाचली आणि पेन मागितलं.

"बाबा, हे लग्नाचं नाहीये."

"माणूस कसा आहे ते कळायला नको?"

तिने सगळं खोडलं आणि फक्त डिस्पॅचचं ठेवलं. आता फोटो पाहिजे. चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे, एकट्याचा पाहिजे आणि अलीकडचा पाहिजे. एवढंच ना, म्हटलं. घरात अकरा आल्बम आहेत.

रविवार, १५ फेब्रुवारी

अकराही आल्बम बघून झाले. मी नाही.

म्हणजे आहे, पण नसल्यातच जमा. कॅमेरा पहिल्यापासून माझ्याच हातात. लग्न, बारसं, सत्यनारायण, सगळं मी टिपलं, आणि टिपणारा फोटोत येत नाही. बहिणीच्या लग्नात माझा उजवा कान आहे. दापोलीला वाळूवर माझी सावली आहे, तिच्यात मी जरा जाड दिसतो. एका पंगतीत मी समोरून आहे, पण तोंडात जिलेबी आहे.

प्रत्येक फोटोच्या मागे मी तारीख, ठिकाण आणि शेरा लिहितो. डिस्पॅचची सवय. "उत्तम", "ठीक", "प्रकाश कमी". १९८६ चा एक सापडला, मुरूडच्या किनाऱ्यावर ज्ञानदा माझ्या खांद्यावर. जयवंतीने काढलेला हा एकुलता एक. हात हलल्यामुळे सगळंच पुसट आलंय. मागे माझ्याच अक्षरात "नापास". त्यानंतर मी तिच्या हातात कॅमेरा दिला नाही. फिल्म फुकट घालवायची म्हणजे काय?

जयवंती म्हणाली, "दाखवा बघू." तिने तो बराच वेळ पाहिला आणि परत आल्बममध्ये नीट बसवला. म्हटलं, नापास माल इतका जपून कशाला ठेवायचा. ती भाजी टाकायला उठून गेली.

तिसऱ्या मजल्यावरचा सिद्धेश रात्री रद्दी देऊन गेला. नवं लग्न झालंय, नवराबायको दोघं नोकरीला. "काका, ही नोकऱ्यांची पुरवणी आम्ही वाचत नाही." गेल्या रविवारीही दिली होती. चांगल्या पेपरवर ह्या लोकांनी लाल पेनने गोल काढून ठेवलेत. हल्लीच्या मुलांना कागदाची किंमत नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

शेवटी स्टुडिओ. बाजारातल्या नथूकडे गेलो.

नथूने पहिलाच प्रश्न विचारला, "काका, कशासाठी? शाळा, पासपोर्ट, लग्न की फ्रेम?"

"फ्रेम म्हणजे?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "ते... घरचे नंतर लावतात ती. काही लोक आधीच चांगला काढून ठेवतात."

मी म्हटलं, ऑफिसच्या कामासाठी हवाय. "हां हां, ऑफिसच," असं म्हणून त्याने कोट आणला. कोटाला पाठ नाही. समोरून साहेब, मागून नाड्या. टाय आधीच गाठ मारलेला, इलॅस्टिकचा, शाळेतल्या मुलांसारखा. मागे पडदा निवडायला सांगितला. बर्फाचा डोंगर होता, पुस्तकांचं कपाट होतं आणि धबधबा होता. मी पुस्तकं घेतली.

"आता मोबाइल कानाला लावा."

"कोणाचा फोन आहे?"

"कोणाचा नाही काका. पुढारी सगळे असाच काढतात. कामात आहात असं वाटतं."

मी काही पुढारी नाही. पण कामात आहोत असं वाटलं तर काय बिघडलं, असा विचार मनात आला आणि मोबाइल लावला. एक तसाही घेतला, एक साधा. नथू सारखा म्हणत होता, "हसा काका." मी हसतच होतो.

शनिवार, २१ फेब्रुवारी

फोटो आला. नथूने तो कॉम्प्युटरवर "जरा क्लीन" केला आहे. केस काळे झाले, चष्मा गेला, गालावरचा तीळ गेला, रंग दोन कोट चढवल्यासारखा उजळला. गळ्याची वळी काढताना अर्धा गळाही गेला. पण एकंदर माणूस कर्तबगार वाटतो, पुस्तकांसमोर, कोटात. मला आवडला.

जयवंतीने चष्मा लावून पाहिला. "चांगलाय," म्हणाली. "कोण आहे?"

ज्ञानदा म्हणाली, "बाबा, हा मला आलेल्या स्थळाचा फोटो वाटतो. हा नाही टाकायचा."

"का? तुझी साइट म्हणते फोटो चांगला पाहिजे."

"तुमचा पाहिजे. तुम्हाला ना, ह्या फोटोत तुम्ही नकोच आहात. कोणी ओळखलं तर पंचाईत."

लेकीने बापाला असं बोलायचं असतं का? त्यातून ती काय म्हणाली तेही मला नीट कळलं नाही. संध्याकाळी सायबर कॅफेत जाऊन मीच तो चढवला. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने एकदा स्क्रीनकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

शुक्रवार, ६ मार्च

साइटवर रोज अर्धा तास बसतो. माझ्या ओळखी आता अकरा झाल्या. कोणी रचना नावाच्या बाई तीन वेळा ओळख करून मागत होत्या. तिन्ही वेळा मी नकार कळवला. माहिती नाही, माणसं माहीत नाहीत, आणि परक्या बाईशी ओळख वाढवायची तर जयवंतीला आधी विचारायला हवं. आज विचारलं.

"करते काय ती?" जयवंतीने विचारलं.

"मनुष्यबळ विभाग प्रमुख. कामणचं कुठलंसं गोदाम."

ज्ञानदा जेवता जेवता उठली आणि तिने भिंतीला डोकं टेकलं.

ताबडतोब पत्र लिहिलं: "महोदया, आपली विनंती तीन वेळा नाकारली गेल्याबद्दल दिलगीर आहे. आपला परिचय नसल्यामुळे तसे घडले. घरच्यांची आता हरकत नाही."

मंगळवार, १७ मार्च

रचना बाईंचं उत्तर आलं! शुक्रवारी अकराला मुलाखत. काम तेच, डिस्पॅच. रोज दोनशे ट्रक. जयवंतीने देवापुढे साखर ठेवली. मी तिला सांगितलं, बघ, फोटोचा प्रभाव.

मला ही नोकरी पाहिजे. इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. तलावाकाठचा तो बाक आता मला पाठ झालाय. कुठल्या फळीला खिळा वर आलाय ते न बघता सांगता येतं. माझ्यासारख्या माणसाला दुपारी बारा वाजता कोणाची वाट बघायची नसते, ह्याची सवय होईना. पाडव्याच्या आत काहीतरी व्हायला हवं.

शुक्रवार, २० मार्च

झालं नाही.

वसईहून भिवंडीची एसटी धरून दहालाच कामणला पोचलो. गोदाम म्हणजे काय, आमची अख्खी कंपनी त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. गेटवरच्या वॉचमनकडे आज येणाऱ्यांची यादी होती, प्रत्येकाच्या नावापुढे साइटवरचा फोटो छापलेला. त्याने माझं नाव शोधलं, फोटो बघितला, मला बघितलं.

"ये आप नहीं हो."

"मैंच हूँ."

"ये आपका लड़का होगा. लड़के को भेजो."

मी निवडणूक ओळखपत्र काढलं. त्याने ते उन्हात धरलं. त्या कार्डावरचा माणूस फोटोतल्यासारखा नाही आणि माझ्यासारखाही नाही. वॉचमनने तिघांची तुलना केली आणि म्हणाला, "चाचा, यहाँ तो तीन आदमी हैं." माझ्यामागे रांगेत उभे होते ते हसले.

रचना बाईंना फोन लावायला हवा होता. नंबर होता माझ्याकडे. पण रांगेतले पोरवयाचे लोक बघत होते, आणि मी वॉचमनला म्हणालो, "ठीक है, लड़के को भेजता हूँ." का म्हणालो देव जाणे. एसटी स्टँडवर बसून डबा खाल्ला आणि सात वाजेपर्यंत वेळ काढला.

घरी सांगितलं, त्यांची जागा आधीच भरली. जयवंतीने गरम पाणी आणून पायांजवळ ठेवलं.

गुरुवार, २६ मार्च

आज काय काय झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर नोंद चुकेल.

सोमवारपासून मी तलावावर जात नाही. पाय दुखतो असं घरात सांगितलं आहे. बिल्डिंगला कळू नये म्हणून खिडक्यांचे पडदे ओढून दिवसभर आत बसतो, खोकलासुद्धा दाबून.

सकाळी अकराच्या सुमाराला खाली गलका झाला. सिद्धेशचं नवं लोखंडी कपाट आलं होतं. उद्याच्या पाडव्याला पूजा करायची म्हणून आजच चढवायचं. आमच्या जिन्यात कपाट वळत नाही हे मी बिल्डिंग झाली तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हा गच्चीवरून दोरी टाकून बाहेरून ओढायचं ठरलं. मी पडदा हलू न देता ऐकत होतो. "ओढ... ओढ..." हा आवाज ज्या पद्धतीने येत होता त्यावरूनच कळलं की एकालाही काम येत नाही.

आणि मग ते कपाट आमच्याच खिडकीसमोर आलं. दुसऱ्या मजल्यावर, माझ्यापासून दोन हातांवर. दाराला बाहेरून लांबलचक आरसा. पडदा तेवढा बोटभर सरकवला तर आरशात एक माणूस दिसला. दाढी वाढलेली, बनियन, पडद्याआड अर्धा लपलेला, चोरासारखा. क्षणभर मला कळेना हा कोण. मग कळलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात नजर वर गेली. दोरी हँडलला बांधली होती! एका हँडलला! दोन स्क्रूंवर शंभर किलो! आणि त्यातला एक स्क्रू माझ्या डोळ्यांदेखत बाहेर येत होता. खाली सिद्धेश उभा, त्याची बायको उन्नती उभी, पुतळाबाई खुर्ची टाकून बसलेल्या.

पडदा टराटरा ओढला आणि ओरडलो, "थांबा! कोणी दोरी सोडू नका! खालचे सगळे बाजूला व्हा, आधी पुतळाबाई! वरचे, टाकीच्या खांबाला दोन वेढे घ्या आणि एकेक वीत खाली सोडा!"

शर्ट चढवत खाली गेलो. कपाट उतरवलं. आमची गोधडी आणवली, आरशावर गुंडाळली, खालून वरून उभीआडवी दोरी घेतली, दोन बाजूंना दोन ओढदोऱ्या दिल्या म्हणजे भिंतीला घासणार नाही. प्रत्येकाला जागा नेमून दिली. मी मधे उभा राहून हात वर करून इशारा देत होतो. अठ्ठावीस वर्षांत पंख्याचं एक पातं वाकू दिलं नाही मी. कपाटाला ओरखडा आला नाही.

ते तिसऱ्या मजल्यावर आत गेलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग माझ्या लक्षात आलं की आज गुरुवार आहे आणि घड्याळात पावणेबारा वाजलेत.

सिद्धेश म्हणाला, "काका... आज ऑफिस..."

मी म्हटलं, "बंद झालं. ३१ जानेवारीला." पहिल्यांदा मोठ्याने बोललो. वाटलं, आता कोणीतरी तोंड फिरवेल.

पुतळाबाई म्हणाल्या, "ते ठावं हाय आमाला. वर उन्नतीनं च्या ठेवलाय, तो घ्या आधी. पानी पन घ्या, घशाला कोरड पडली असंल वरडून."

कोणीच दचकलं नाही. मी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. त्या टोपीचं, त्या लाल गोलांचं, सगळंच आठवलं. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी दोरीची गुंडाळी करत बसलो.

एक गोष्ट अजून कळलेली नाही. मागच्या बाजूला मोकळी जागा चांगली प्रशस्त आहे, कपाट तिकडून न्यायचं सोडून आमच्या खिडकीवरून का नेलं? सिद्धेश म्हणतो, "काकीच बोलल्या, ह्या बाजूने न्या." जयवंतीला डिस्पॅचमधलं काडीचंही कळत नाही.

शुक्रवार, २७ मार्च

पाडवा. गुढी उभारली. दारावर श्रीखंडाच्या तीन वाट्या येऊन गेल्या.

दुपारी ज्ञानदाने आईच्या मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. काल जयवंतीने खिडकीतून काढलेला. मी खाली मधोमध, एकटा. एक हात वर, चष्मा नाकावर घसरलेला, शर्टाचं बटण एक घर चुकलेलं, तोंड उघडं. ओरडतोय की हसतोय ते सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही. तीळ जागेवर आहे.

"हात हललाय तिचा," मी म्हटलं.

ज्ञानदा म्हणाली, "हललाय. रडत होती ती काढताना. बाबा, हाच टाकते."

"बटण तरी..."

"हाच."

जयवंती आत पुऱ्या तळत होती. मी "टाक" म्हटलं. मग बसून रचना बाईंना खरं काय ते लिहिलं: की मी आलो होतो, वॉचमनची चूक नव्हती, फोटोच माझा नव्हता, आणि परत गेलो ते लाजेने. हा खरा फोटो जोडला आहे, त्यात मागे जी गोधडी दिसते ती मालाच्या संरक्षणासाठी आहे.

सोमवार, ३० मार्च

कामणला पुन्हा गेलो. तोच वॉचमन. त्याने कागद बघितला, मला बघितलं, पुन्हा कागद बघितला, आणि गेट उघडत म्हणाला, "हाँ, ये आप हो. लड़का नहीं आया?"

"लड़के का काम नहीं है," मी म्हटलं.

रचना बाई ज्ञानदाहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी अनुभव, ट्रक, पावत्या, सगळं विचारलं. शेवटी फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कपाट पोचलं का पण?"

"एकही ओरखडा नाही."

"फोटो कोणी काढला?"

"आमच्या मिसेसने. जरा हललाय."

"असू दे. बाकी सगळे कोटात आलेत, काम करताना एकच आला."

बुधवारी रुजू व्हा म्हणाल्या. मी नम्रपणे सांगितलं की बुधवारी एक एप्रिल आहे, त्या दिवशी सांगितलं तर बिल्डिंगमध्ये कोणी विश्वास ठेवणार नाही. गुरुवार ठरला.

गुरुवार, २ एप्रिल

पहिला दिवस. सकाळी डबा घेऊन उतरलो तर पुतळाबाई पायरीवर. "टोपी घेतली का?" म्हणाल्या. घेतली होती.

येताना नथूकडून जयवंतीच्या फोटोची प्रत काढून आणली. नथू म्हणाला, "काका, जरा क्लीन करून देतो." मी म्हटलं, हात लावशील तर खबरदार.

घरी येऊन मागे लिहिलं: २६ मार्च २००९, मनवेलपाडा. शेऱ्याच्या जागी पेन थोडा वेळ थांबलं. मग लिहिलं, "छायाचित्र: जयवंती." मग आल्बममधून मुरूडचा तो फोटो काढला. नीट बघितला तर त्यातही मी तोंडभर हसतोय. ज्ञानदाने माझे केस धरलेत आणि माझे दात दिसतायत. तेवीस वर्षांत हे मला दिसलं नव्हतं. मी फक्त फोटो हललाय का तेवढं तपासलं होतं.

मागचं "नापास" खोडलं आणि फोटो तिच्यापुढे धरला.

जयवंतीने पदराला हात पुसले, वाचलं, आणि म्हणाली, "तेवीस वर्षं लावलीत निकालाला."

मग ती कॅमेरा कुठे ठेवलाय ते विचारायला लागली. कपाटाच्या वरच्या कप्प्यात होता. काढून दिला.